दोघींना दिसतंय तोवर

कृष्णा शेंडेने गाडी चालवणं सोडलं तेव्हापासून सकाळी मी तिला तिच्या ऑफिसला सोडते. नोव्हाय या गावात आमची घरं पाठीला पाठ लावून आहेत आणि माझा रोजचा रस्ता तिच्या कंपनीवरूनच जातो. मोटारीचे सीटबेल्ट तपासणाऱ्या विभागात ती गेली कित्येक वर्षं आहे. गाडी भिंतीवर आदळली की आतला पुतळा किती पुढे फेकला जातो, पट्टा त्याला कुठे धरतो, हे बघायचं तिचं काम.

फेब्रुवारीत ती आणि अतुल, तिचा नवरा, मुलीकडे कोलोरॅडोला जाऊन आले. आल्यावर ती गाडीत नुसती बसून असायची. मी थंडी कशी होती, विमानं वेळेवर होती का, असलं काहीबाही विचारत राहिले. ती हो, नाही म्हणायची. मग एका सकाळी तिने आपणहून सुरुवात केली. एका दमात नाही सांगितलं. थोडं आज, थोडं दोन दिवसांनी. ते मी ओळीने लावून लिहिते आहे.

कृष्णा वाईची. नदीवरून ठेवलेलं नाव. ऑफिसात हैदराबादचे, चेन्नईचे नवे लोक तिला ‘डिअर सर’ म्हणून ई-मेल लिहितात आणि ती ते मला हसत वाचून दाखवते. तिचे वडील, अण्णा, वाईच्या एका बँकेत कारकून होते. दिवेलागणीनंतर ते घराबाहेर पडत नसत. जेवताना वीज गेली की त्यांचा हात पानावर असेल तिथेच थांबायचा, मेणबत्ती येईपर्यंत. अण्णांना रातांधळेपणा आहे हे सगळ्या आळीला माहीत होतं आणि त्याचं कुणाला विशेष वाटत नसे. कुणी गाजरं खायला सांगायचं, कुणी शेवग्याचा पाला. अण्णा तेही खायचे. रविवारी चांगलं उजाडलं की मुलीला घेऊन पांडवगडाकडे चालायला जायचे, आणि ऊन कलायच्या आत परत यायचे. पुरते आंधळे व्हायच्या आधीच ते हृदयविकाराने गेले, त्यामुळे त्या आजाराचं खरं नाव घरात कधी आलंच नाही.

ते नाव कृष्णाला इथे कळलं, चाळिशी उलटल्यावर. तिच्या मुलीच्या, अनन्याच्या, शाळेत कॉन्सर्ट होता. हॉलमधले दिवे मालवलेले, कृष्णा उशिरा पोचली आणि रिकामी खुर्ची समजून एका गोऱ्या आजींच्या मांडीवर बसली. सगळे हसले, तीही हसली. पण त्याच महिन्यात हायवेवर लेन बदलताना उजवीकडचा अख्खा ट्रक तिला दिसला नाही. ट्रकवाल्याने हॉर्न दाबून धरला म्हणून ती वाचली. ॲन आर्बरच्या डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घालून, फोटो काढून सांगितलं: रेटिनायटिस पिगमेंटोसा. डोळ्याचा पडदा कडेकडून मरत येतो. आधी रात्र जाते, मग बाजूचं दिसणं, आणि शेवटी मधलं. औषध नाही. घराण्यात कुणाला होतं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा कृष्णाच्या डोळ्यांपुढे वीज गेलेलं स्वयंपाकघर आलं. डॉक्टर पुढे म्हणाले की हा ज्या प्रकारचा आहे, त्यात तो मुलांकडे जायची शक्यता निम्मी असते. छापा किंवा काटा.

तिला एकच मूल आहे.

त्या दिवसापासून कृष्णा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा मुलीच्या डोळ्यांकडे जास्त बघायला लागली. अनन्या अभ्यास करत बसली की बाजूने हळूच बॉल सोडून बघायची. अंधार पडताना मुद्दाम तिला ड्राइव्हवेवरून पेपर आणायला पाठवायची आणि खिडकीतून तिची पावलं बघायची. अनन्या धावत जायची, धावत यायची. शाळेच्या सॉकर टीममध्ये ती गोलकीपर होती, कोपऱ्यातून आलेला बॉल झेप घेऊन अडवायची. अठरा पूर्ण झाल्यावर अतुलने तिला समोर बसवून सगळं सांगितलं आणि टेस्ट करायची का विचारलं. ती म्हणाली, “नको. आय डोन्ट वॉन्ट टू नो.” तिचा निर्णय म्हणून त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. पुढे ती कॉलेजला गेली, जनावरांच्या दवाखान्यातल्या कामाचं शिक्षण घेतलं आणि कोलोरॅडोत डोंगरांतल्या एका लहानशा गावी घोड्या-गुरांच्या डॉक्टरची मदतनीस म्हणून लागली. रात्रीबेरात्री रँचवर जाऊन अडलेल्या गाई सोडवायच्या, बर्फात जीप चालवायची. हे सगळं ऐकून कृष्णाने मनाशी ठरवून टाकलं की पोरगी सुटली. तिने तिच्याकडे तसं बघणं थांबवलं. स्वतःची नजर तोवर इतकी आखडली होती की नळीतून पाहावं तेवढंच दिसायचं. गाडी सुटली, संध्याकाळची भिशी सुटली. पण पोरगी सुटली, या एका गोष्टीवर ती तरून होती.

यंदा अनन्याने स्वतःच तिकिटं काढून पाठवली. फेब्रुवारीतच या म्हणाली, घळीतला बर्फ तेव्हा सगळ्यांत चांगला असतो. त्या गावाच्या वरच्या अंगाला एक अरुंद घळ आहे. उन्हाळ्यात तिच्यातून नदी धडधडत जाते. हिवाळ्यात नदी गोठते आणि तिच्यावरूनच चालत आत जाता येतं, शेवटी गोठलेला धबधबा आहे. गावातले लोक बर्फ तपासून वाटेच्या कडेने लाल झेंड्या लावतात. दिवसा मुलंबाळं घेऊन माणसं जातात. कृष्णाला आधी ते नकोच होतं. घरातल्या घरात टेबलाच्या कोपऱ्याला आपटणारी मी, बर्फावर कुठे चालू, असं ती म्हणाली. अनन्याने हट्टच धरला. फोनवर ती म्हणाली, आई, मी तुला धरते ना.

गाव उंचावर. पहिल्याच दिवशी अतुलचं डोकं विरळ हवेने धरलं, तो लॉजवर झोपून राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मायलेकी दोघीच निघाल्या.

लख्ख ऊन होतं. अनन्याने आधी गाव दाखवलं. एकच मोठा रस्ता, दोन्ही बाजूंना जुनी विटांची घरं, आणि रस्त्याच्या टोकाला सरळ उभा डोंगर. गरम पाण्याच्या कुंडातून वाफा निघत होत्या आणि त्यात डोक्यावर लोकरीच्या टोप्या घातलेली माणसं गळ्यापर्यंत बुडून बसली होती. मग घाटात एका वळणावर जीप थांबवून अनन्याने शिखरं दाखवली. आईच्या मागे उभं राहून तिने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं आणि सावकाश डावीकडून उजवीकडे वळवलं, म्हणजे एकेक शिखर तिच्या नजरेत येईल. कृष्णा मला म्हणाली, “इतकी वर्षं लोक मला ‘ते बघ’ म्हणत होते आणि मी ‘हो, छान’ म्हणत होते. असं डोकं धरून कुणी दाखवलं नव्हतं. हिला कसं कळलं, हे माझ्या तेव्हा मनातही आलं नाही.”

घळीच्या तोंडाशी दोघींनी बुटांखाली लोखंडी काटे अडकवले. अनन्याने पिशवीतून कपाळावर बांधायचे दोन दिवे काढले, एक आईच्या टोपीवरून बांधला, एक स्वतःच्या. बाकी कुणाच्या कपाळावर दिवा नव्हता. भर दुपारी दिवे बांधलेल्या त्या दोघींकडे बघून एक लहान मुलगी हसली. आपल्या सोबतीला म्हणून अनन्यानेही बांधला असेल, असं कृष्णाला वाटलं. तिने लेकीच्या पाठपिशवीचा पट्टा धरला आणि दोघी आत शिरल्या.

सुरुवातीला घळ रुंद होती. दोन्ही कातळांवरून पाणी ओघळत असतानाच गोठलं होतं. कुठे पडद्यासारखं, कुठे मेण ओघळलेल्या मेणबत्त्यांसारखं. पायांखाली करकर आवाज, आणि त्याच्याही खाली, बर्फाच्या पोटात, वाहत्या पाण्याचा आवाज. अनन्या मागे न बघता सांगत होती, “इथे स्टेप डाउन. आता लेफ्टला राहा. इथे स्लिपरी आहे.” कृष्णा दिव्याच्या झोतात एका वेळी एवढंएवढं बघत होती आणि तिला मजा वाटत होती. लहानपणी पांडवगडाच्या वाटेवर अण्णा असंच पुढे चालायचे, असं ती बोललीही. “इथे स्टेप अप,” अनन्या म्हणाली.

पुढे घळ आवळत गेली. वर आकाशाची नुसती चिंधी उरली. उजेड राखाडी झाला, पण दिवसच होता. समोरून परतणारी माणसं गप्पा मारत सहज चालत येत होती. तिथे अनन्याचा दिवा मिणमिणायला लागला. थंडीत बॅटरी बसली असणार. तिने तो काढून थोपटला, पुन्हा बांधला, आणि तो विझला. ती थांबली. आपण मागे पडलो म्हणून थांबली असेल, असं समजून कृष्णा म्हणाली, चल, मी ठीक आहे. अनन्या निघाली.

कृष्णाच्या दिव्याचा झोत खाली होता. त्यात तिला लेकीचा बूट दिसला. तो उचलून पडत नव्हता. आधी बर्फावरून पुढे सरकत होता, चाचपत होता, आणि मग त्याच्यावर भार येत होता. कृष्णाने झोत वर केला. अनन्याचा उजवा हात भिंतीला लागलेला होता. तळवा नाही, हाताची मागची बाजू, जशी कृष्णा स्वतः जिना उतरताना भिंतीला लावते. तळवा लावला तर लोकांना कळतं, मागची बाजू लावली तर सहज हात घासल्यासारखा वाटतो. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, तिचं तिने शोधलं होतं. अनन्यानेही तिचं तिने शोधलेलं दिसत होतं.

काळोख आहे, कुणीही असंच चालेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली. पुढेच भिंतीला टेकून एक माणूस बुटाचा काटा घट्ट करत उभा होता, काळं जॅकेट घातलेला. अनन्या सरळ त्याच्यावर जाऊन आदळली. तो हसून बाजूला झाला, ती सॉरी म्हणाली. त्याच्याशेजारचा पाच-सहा वर्षांचा पोरगा त्याच बर्फावर घसरगुंडी खेळत होता.

तेव्हा कृष्णाने जे केलं त्याबद्दल ती मला दोनदा सांगायला लागली आणि दोनदा थांबली. तिसऱ्यांदा सांगितलं. तिने एक हातमोजा काढला, भडक नारिंगी रंगाचा, आणि अनन्याच्या बुटाशेजारी टाकला. दिव्याचा झोत मुद्दाम वर कातळाकडे वळवला. आणि म्हणाली, “अनू, माझा मोजा पडला बघ.”

अनन्या खाली बसली. बर्फावर हात फिरवायला लागली. झोताबाहेरचं कृष्णालाही दिसत नव्हतं, पण हात घासल्याचा आवाज येत होता: पुढे, मग उजवीकडे, मग पुन्हा पुढे. मोजा तिच्या डाव्या बुटाला जवळजवळ चिकटून पडला होता. दुरून येणाऱ्या एका बाईने हाक मारून सांगितलं की तो काय तिथेच आहे. अनन्याचा हात परत बर्फावर घासायला लागला. कृष्णाने दिवा खाली वळवला. नारिंगी रंग एकदम उजळला. अनन्याचा हात तिथल्या तिथे थांबला.

“कधीपासून?” कृष्णाने विचारलं.

अनन्या उठली नाही. उकिडवी बसूनच म्हणाली, “डॉक्टरने सप्टेंबरमध्ये सांगितलं. डेन्व्हरला. त्याच्या आधी मला थोडं माहीत होतं.”

रँचवरून परतताना तिने एका घराची पत्रपेटी उडवली होती. मग एकदा कुंपण. मग एका रात्री गाय अडलेली असताना गुरांच्या डॉक्टरने मागितलेली, वासरू ओढून काढायची साखळी समोर असून तिला सापडली नाही. तेव्हा तिने स्वतःच डेन्व्हरला अपॉइंटमेंट घेतली. गुरांच्या डॉक्टरने आता तिची रात्रीची कामं बंद केली होती.

कृष्णाला रडू आलं नाही, राग आला. घळीत आवाज घुमतो याचंही भान तिला राहिलं नाही. हे असं असताना तू त्या घाटांतून रात्री गाडी चालवत होतीस, मरायचं होतं का, आम्हाला एक फोन करता आला नाही का, असं ती बोलत सुटली. येणारीजाणारी माणसं भाषा कळत नसल्याने मान खाली घालून बाजूने गेली. अनन्याने तिला बोलू दिलं. ती थांबल्यावर म्हणाली, “फोनवर नव्हतं सांगायचं. तू लगेच सॉरी म्हणाली असतीस. मला तुझं सॉरी ऐकायचं नव्हतं, आई.”

कृष्णाच्या तोंडात तोच शब्द होता. तो तिला गिळावा लागला.

“माझ्याकडून आलं तुला,” एवढंच ती म्हणाली.

“आणि तुला अण्णाआजोबांकडून. त्यांच्यावर चिडतेस?”

“त्यांना माहीत नव्हतं.”

“तुलाही नव्हतं. मी झाले तेव्हा.”

कृष्णा मला म्हणाली की पोरीचं बोलणं अगदी बरोबर होतं. पण बरोबर असून त्याचा काही उपयोग झाला नाही.

तिथून मागे फिरावं असं कृष्णाला वाटत होतं. अनन्या नाही म्हणाली. “इथपर्यंत आणलं ते वॉटरफॉलसाठी. मला तो तुझ्याबरोबर बघायचा आहे. दोघींना दिसतंय तोवर.” तिचं मराठी तसं मोडकं आहे, पण हे वाक्य तिने अडखळल्याशिवाय म्हटलं. बहुतेक मनात पुष्कळदा म्हणून पाहिलं असावं.

चालू दिवा एकच होता. कृष्णाने तो आपल्या कपाळावरून काढला आणि लेकीच्या टोपीवर बांधला. हनुवटी वर कर, असं तिने तिला सांगितलं, पट्टा ओढून बघितला, कानावरची केसांची बट आत सारली. अनन्या लहान असताना शाळेत जाताना तिला टोपी घालायची तसंच. मग तिच्या पाठपिशवीचा पट्टा धरून ती मागे उभी राहिली. आता तिला काहीच दिसत नव्हतं. वरची आकाशाची चिंधीही नाही. पाण्याचा आवाज, काट्यांचा करकराट आणि लेकीचं “स्टेप. स्टेप. आता राइट.” यावर ती चालत राहिली. मला म्हणाली, इतक्या अंधारात ती आयुष्यात कधी चालली नव्हती, आणि त्या वेळी आपण पडू अशी भीतीही वाटली नाही. पडायचं ते पडून झालं होतं.

शेवटी घळ एकदम उघडते आणि ऊन आत येतं. तिथे धबधबा उभा होता. कृष्णाला तो एका नजरेत दिसला नाही. वरून सुरुवात करून तिने तो एकेक तुकडा पाहत खाली आणला: कड्यावरचा पांढरा फेस जसाच्या तसा गोठलेला, मधे काचेसारखे खांब, खाली निळा, इतका निळा की आत कुणी दिवा लावला आहे असं वाटावं. दोघी एका सपाट दगडावर बसल्या. अनन्याने थर्मासमधला चहा ओतला. आलं घालून तिनेच केला होता, पण थंड झाला होता.

“तुला खरं किती दिसतं?” अनन्याने विचारलं. “मला दरवेळी सांगतेस, ठीक आहे, ठीक आहे. खरं सांग.”

आजवर हे कृष्णाने कुणालाच सांगितलं नव्हतं. अतुलला नाही, मला नाही. ज्याला सांगायचं त्याला वाईट वाटणार, म्हणून. आता विचारणारीला वाईट वाटून चालणार नव्हतं. तिला ते उपयोगाचं होतं.

म्हणून ती सांगत गेली. बाजूचं जातं तेव्हा तिथे काळं काही दिसत नाही, काही गेलं आहे असंच कळत नाही. माणसं आणि खांब अचानक उगवायला लागतात, एवढंच. मग जिने जातात, उतरतानाचे आधी. मग कुणी शेकहँडला हात पुढे केला तर तो दिसत नाही आणि लोकांना आपण शिष्ट वाटतो. जेवताना पानाची डावी बाजू राहून जाते, चटणी-कोशिंबीर तशीच उरते. वाचता येतं, पण ओळीच्या शेवटी गेलं की पुढची ओळ शोधावी लागते. अनन्या मधेमधे विचारत होती, आणि हे कितव्या वर्षी, आणि ते कधी. शाळेतल्या मुलीसारखी नीट ऐकून घेत होती.

“आणि फेसेस?” तिने शेवटी विचारलं.

“चेहरे आहेत अजून. पण जवळ आलं माणूस की तुकड्याने दिसतं. तू आत्ता इथे बसली आहेस तर मला तुझे डोळे दिसतात, नाहीतर तोंड. सबंध बघायचं तर माणसाला लांब उभं करावं लागतं.”

अनन्याने चहाचा कप खाली ठेवला आणि उठली. बर्फावरून पावलं जपून टाकत ती धबधब्याच्या पायथ्याशी गेली, वळली आणि तिथे उभी राहिली. टोपी काढली. हात कुठे ठेवावेत हे न कळल्यासारखे दोन्ही खिशांत घातले.

“आता?” तिने ओरडून विचारलं.

“आता दिसतेस,” कृष्णा म्हणाली.

अनन्या बराच वेळ तिथे उभी राहिली. एका जोडप्याला फोटो काढायचा होता, तर ते तिच्या हटण्याची वाट बघत थांबले. काही वेळाने त्यांना काय वाटलं कोण जाणे, ते फोटो न काढताच परत फिरले.

संध्याकाळी लॉजवर अतुल उठून बसला होता, डोकं उतरलं होतं. अनन्यानेच त्याला सांगितलं, सरळ, डॉक्टरने सांगितलेल्या सगळ्या शब्दांसकट. अतुल हा एरवी बोलका माणूस. कुठेही गेलं की बायकोला दिसत नाही ते तो सतत वर्णन करून सांगत असतो, इतकं की कधी कधी ती त्याला गप्प बस म्हणते. तो ऐकत राहिला. मग जॅकेट घालून बाहेर गेला. बऱ्याच वेळाने कृष्णा खिडकीशी गेली, तर अनन्या म्हणाली की पार्किंगच्या दिव्याखाली बाबा जीपवरचा बर्फ काढतोय. जीपवरचा झाला, तेव्हा तो शेजारच्या गाडीवरचा काढायला लागला, मग तिच्या पलीकडच्या. ओळीतल्या सगळ्या अनोळखी गाड्या त्याने साफ केल्या. आत आला तेव्हा बोटं लाल झाली होती. अनन्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याने विचारलं, “जेवलीस का?”

पुढचे दोन दिवस ते तिथे होते. कृष्णाला विचारायचं खूप होतं. ही पुढे काय करणार, त्या डोंगरात एकटी किती दिवस राहणार, लग्न, मुलंबाळं. मुलांचा प्रश्न तर तिच्या ओठांपर्यंत येऊन परत जायचा. तो विचारायचा हक्क आपल्याला आहे की नाही हेच तिला कळत नव्हतं. विमानतळावर अनन्याने तिला मिठी मारली आणि इंग्रजीत म्हणाली की मी रोज रडत नाही, तूही रोज रडू नकोस. कृष्णाने कबूल केलं. विमानात ती शब्दाला जागली नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मी वेड्यासारखं तिला विचारलं, की मग तो बर्फ, ती घळ, नीट बघायला मिळाली का. ती म्हणाली, “अर्धी बघितली गं. पुढे मी तिचे पायच बघत होते.”

मार्चमध्ये तिने एका संस्थेला फोन केला. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणारे लोक आहेत. डॉक्टर तिला बरीच वर्षं तिकडे जा म्हणत होते आणि अजून वेळ आहे म्हणून ती टाळत होती. हातात काठी आली की सगळ्या नोव्हायला कळेल, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात बायका बाजूला होऊन वाट करून देतील, हे तिला नको होतं. आता तिने वेळ मागून घेतली. मी कारण विचारलं नाही, तिनेच सांगितलं. “मी कशी चालते ते तिला बघायला मिळालं पाहिजे. मला कुणाचं बघायला मिळालं नाही. अण्णा तर संध्याकाळी घरातच बसायचे.”

शिकवणारी बाई शनिवारी येते. लायब्ररीच्या पार्किंगमध्ये ते सराव करतात आणि मीही कधी कधी जाते. अतुल फोन धरून मागे चालतो आणि कोलोरॅडोहून अनन्या त्यातून बघते. तिसऱ्या का चौथ्या शनिवारी फुटपाथच्या कडेचा अंदाज चुकला, काठी एकीकडे आणि कृष्णा एकीकडे पडली. गुडघा फुटला, तळहात सोलवटला. अतुलने घाईने फोनचं तोंड आपल्या छातीकडे वळवलं आणि बंद करू का म्हणून विचारलं. कृष्णा डांबरावर बसूनच काठी चाचपत होती.

“राहू दे,” ती म्हणाली. “बघू दे तिला.”